साडेआठांनी दिलेले नऊ

कारखान्यात मला सगळे साडेआठ म्हणतात. हजेरीपटावर वेगळं नाव आहे, पण ते हजेरीपटापुरतंच. आमचा कारखाना बिस्किटांचा, मी चव घेणाऱ्यांच्या खात्यात, आणि बावीस वर्षांत मी कुठल्याही बिस्किटाला दहापैकी साडेआठच्या वर गुण दिलेले नाहीत. यात बाणेदारपणा वगैरे काही नाही. रसायनशास्त्रात पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं, आपल्या हातून एखादा शोध लागेल. लागला तो एवढाच, की नऊ देण्याजोगं बिस्कीट अजून भाजलं गेलेलं नाही.

काम सोपं दिसतं. सकाळी दहाला आम्ही सहा जण सहा कप्प्यांत बसतो. कप्प्यात लाल दिवा असतो, म्हणजे बिस्किटाच्या रंगावर मन जाऊ नये. समोर कोमट पाणी, पेन्सिल आणि कार्ड. तीन घास घ्यायचे, चावायचे, गिळायचे आणि मनातल्या मनात वीस मोजायचे. कारण काही चवी जिभेला कळतच नाहीत, त्या घशात उतरून मग वर येतात. कार्डावर त्यासाठी वेगळा रकाना आहे, ‘मागे राहणारी चव’. म्हणून गिळणं सक्तीचं. शेवटी सहा कार्डांतलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं वगळतात आणि उरलेल्या चारांची सरासरी काढतात. दिवसाकाठी चाळीस-एक बिस्किटं पोटात जातात. लोकांना हेवा वाटतो. मलाही पहिले पंधरा दिवस स्वतःचा वाटला होता.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी नऊ पूर्णांक चार. मनात आलं, अखेर कुणालातरी आपण नऊच्या वर नेलं.

“काम काय करता?” त्यांनी विचारलं.

“बिस्किटं खातो.”

“ते कळलं हो. पण काम?”

खुलासा केल्यावर त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. “नुसती साखर सोडून भागणार नाही तुमचं,” त्या म्हणाल्या. “पाव, भात, बटाटा, मैदा, सगळ्याची पोटात साखरच होते. ते सगळं ताटातून काढा. अंडी खा, मासे खा, चीज खा, पालेभाजी हवी तेवढी. आकडे उतरतील तशा गोळ्या मी कमी करीन. तुम्ही आपल्या मनाने करायच्या नाहीत. आणि हे चाळीस-बिस्किटांचं बघा काहीतरी.”

घरी बायकोला सांगितलं. तिने कोबीच्या गड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अहो, म्हणजे आता हे किती दिवस?”

“मरेपर्यंत.”

“कुणाच्या?”

पण तिने निगुतीने केलं. सकाळी तीन अंडी, दुपारच्या डब्यात मासा नाहीतर चीज आणि कोबी, संध्याकाळी पुन्हा कोबी, वेगळ्या आकारात चिरलेला. पावाच्या डब्यात ती सुयादोरे ठेवू लागली.

राहिली ती चाळीस बिस्किटं. त्याचंही मी बघितलं. कप्प्यात चहाचा एक कागदी कप नेऊ लागलो, झाकणाचा. चावायचं, जिभेवर घोळवायचं, कपात थुंकायचं, झाकण लावायचं, कप कचऱ्याच्या डब्यात. ‘मागे राहणारी चव’ मी अंदाजाने भरायचो. बावीस वर्षांत घसा तोंडपाठ झालेला असतो. पकडलं तर नोकरी जाणार हे माहीत होतं. आमच्यातल्या एकाला तसंच काढलं होतं. तो बिचारा रुमालात थुंकायचा. निवृत्तीला मला तीन वर्षं होती. या वयात दुसरीकडे जाऊन काय सांगणार, मला चावता येतं?

आठ महिन्यांत नऊ पूर्णांक चारचे सहा पूर्णांक एक झाले. तीनपैकी दोन गोळ्या बंद झाल्या. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुन्हा दोनदा वाचला, या वेळी आनंदाने.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्याबद्दल आहे.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. ताईने लग्न पुढे ढकललं, मग आणखी पुढे, मग तो विषयच कुणी काढेना. पडदे आणि शाळेचे गणवेश शिवून तिने मला शिकवलं. रसायनशास्त्राचा एकेक पेपर म्हणजे पडद्यांची एकेक जोडी. आजही ती पायाने चालवायच्या त्याच जुन्या मशीनवर शिवते. बारा वर्षं तिला मधुमेह. मशीनचा पत्रा उजव्या अंगठ्याला घासून घासून जखम झाली आणि पायाला ते कळलंच नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा कळलं. मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरने सरळ सांगितलं, “साखर उतरली तर भरेल. नाही उतरली तर बोट काढावं लागेल, आणि ते एका बोटावर थांबतंच असं नाही.”

“गेलं बोट तर गेलं,” ताई म्हणाली. “डाव्या पायाने मशीन मारीन.”

“ताई, पाव सोड.”

“पावावर वाढलास तू. दुधात बुडवून बुडवून. तेव्हा नाही म्हणालास, पाव सोड.”

“तेव्हा पाच वर्षांचा होतो.”

“आता पन्नाशी उलटली तरी अक्कल तेवढीच.”

महिनाभर मी रोज तिच्याकडे गेलो. माझे रिपोर्ट दाखवले. पट्ट्याची भोकं दाखवली. शेवटी ती वैतागून तयार झाली. “पाव, भात, बटाटा, सगळं सोडते. पण चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत लागतं मला. तेवढं तू शोध. तुला शिकवलं कशाला?”

मी बदाम भाजून दिले, चीजचे पातळ काप तव्यावर कडक करून दिले. तोंड वाकडं करून ती खायची. दोन महिन्यांत तिची साखर खाली आली आणि नाण्याएवढी जखम मसुरीएवढी झाली. तिच्या डॉक्टरने माझ्याशी हात मिळवला. कुणी कौतुकाने हात मिळवावा असं माझ्या हातून आयुष्यात घडलेलं ते एकमेव काम.

त्याच सुमारास कारखान्यात नवीन बिस्कीट आलं. ‘साखरविरहित’. मधुमेहींसाठी. लाल दिव्याखाली मी ते चावलं आणि चकित झालो. कुरकुरीत, लोण्याचा वास, गोडी अगदी जागच्या जागी. कपात थुंकलं. वीस मोजले. मागे काहीच राहिलं नाही. राहणार कुठून, घशात काही गेलंच नव्हतं. पण तेवढा विचार मी केला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा कार्डावर नऊ लिहिले आणि खाली सही केली. इतर पाच जणांनी सहा-साडेसहा दिले होते. सगळ्यात वरचं म्हणून माझं कार्ड नियमाप्रमाणे वगळलं गेलं. सरासरीतून वगळलं गेलं, एवढंच.

चार दिवसांनी जाहिरात खात्याच्या साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, कप सापडला. साहेब वयाने माझ्या निम्मे, बूट माझ्या दुप्पट चकचकीत. टेबलावर कारखान्याच्या वार्षिक तपासणीचे माझे दोन रिपोर्ट ठेवलेले होते, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा.

“काका, बसा. तुम्हाला डायबेटिस आहे, बोलला नाहीत कधी.”

“कुणी विचारलं नाही.”

“नऊ पूर्णांक चारवरून सहा पूर्णांक एक! आणि रोज चाळीस बिस्किटं खाऊन! काका, तुम्ही चालता-बोलता पुरावा आहात. आपल्या बिस्किटाने साखर वाढत नाही, याहून मोठा पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? वर साडेआठांनी नऊ दिलेत. पाकिटावर तुमचा फोटो टाकायचाय.”

मी विचार करून सांगतो म्हणालो. घरी जाताना त्या बिस्किटाचं एक पाकीट घेतलं. बायकोसमोर रक्तातली साखर मोजली, एकशे दहा. मग चार बिस्किटं खाल्ली आणि वर्षभरात पहिल्यांदा गिळली. वीस मोजले. अठराव्याला घशातून असा कडवटपणा वर आला, की कुणी औषधाची गोळी विरघळवून ओतली असावी. साखरेऐवजी घातलेल्या गोडीचा तो गुण. माझे नऊ तिथेच चारावर आले. दोन तासांनी बोट टोचलं. एकशे शहाण्णव. दुसऱ्या दिवशी आमचं नेहमीचं साखरेचं बिस्कीट खाऊन तसंच मोजलं. एकशे नव्व्याण्णव. साखर काढली होती, पण मैदा होता, बटाट्याचा स्टार्च होता. तीन आकड्यांचा फरक, त्यासाठी हिरवं पाकीट.

“अहो, मग सांगा की साहेबांना,” बायको म्हणाली.

मी सांगायला गेलो. “साहेब, या बिस्किटाने साखर वाढते. मी मोजून पाहिली.”

साहेबांनी रिपोर्ट पुन्हा माझ्यासमोर सरकवला. “मग ही कशी काय उतरली?”

“मी पाव, भात सोडलाय. कोबी खातो.”

“वर चाळीस बिस्किटं.”

मी रिपोर्ट उलटा करून ठेवला.

“खाता ना काका? गिळता ना?”

खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं, आणि ते बोललो असतो तर त्याच दिवशी घरी. मी म्हणालो, “गिळतो.”

“मग झालं की!” साहेब म्हणाले, आणि पेन पुढे केलं.

पाकिटावर मी हसतोय. दात मी हसल्यावर दिसतात त्याहून पांढरे आहेत. खाली तीन वाक्यं: ‘मला मधुमेह आहे. मी हे रोज खातो. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी नऊ गुण दिले.’ पहिलं खरं आणि तिसरंही खरं. मधल्यावर माझी सही होती.

मग त्यांनी मला दौऱ्यावर पाठवलं. सहा आठवडे, दुकानामागून दुकान. एका मोठ्या पुठ्ठ्याच्या साडेआठांच्या शेजारी मी उभा राहायचो. लोक आधी पुठ्ठ्याशी बोलायचे. कुणी विचारायचं, “खरंच चालतं का हो?” मी म्हणायचो, “पाकिटावर सगळं लिहिलंय.” दुपारी खोलीवर जाऊन डब्यातली अंडी खायचो.

ताईला मी रोज फोन करायचो. पाव खात नाहीस ना, एवढंच विचारायचो. ती नाही म्हणायची. ती खरं बोलत होती. त्या पाकिटापासून लांब राहा, असं सांगायचं कितीदा ओठांवर आलं. पण मग ती ‘का’ विचारणार, आणि तिला ‘का’चं उत्तर मिळाल्याशिवाय फोन ठेवता येत नाही. तिच्या गल्लीतल्या दुकानात माल एवढ्यात पोचणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मालाच्या बाबतीत आमचा कारखाना फार तत्पर आहे.

परत आल्या दिवशी तिच्याकडे गेलो. शिवणाच्या खोलीत दोऱ्यांच्या रिळांशेजारी हिरव्या पाकिटांची चवड होती. मशीनच्या डोक्यावर माझा चेहरा, पाकिटावरून कापून नीट चिकटवलेला. ताई खुशीत होती.

“ये रे धाकट्या. तुला आल्यावर दाखवणार होते म्हणून फोनवर बोलले नाही. अख्ख्या गल्लीला सांगितलंय, हा माझा भाऊ म्हणून. शेवटी शोधलंस हो माझ्यासाठी कुरकुरीत!”

“किती खातेस?”

“चहाबरोबर चार. चहा तीनदा.” आणि अभिमानाने, “पावाला हात लावलेला नाही हो. शपथ.”

“पाय दाखव.”

“आधी बस तरी.”

“ताई, पाय दाखव.”

तिने मोजा काढला. जखम पुन्हा नाण्याएवढी झाली होती, आणि कडेने काळी. शेजारचं बोटही रंग बदलत होतं.

“पट्टी कधी केलीस?”

“मागच्या आठवड्यात जायचं होतं. गणवेशांची घाई होती. आणि म्हटलं, आता तर खाण्यातही काही वाईट नाही, भरेल आपली आपण.”

मग मी तिला सगळं सांगितलं. कप, झाकण, नऊ गुण, एकशे शहाण्णव, सही. ती ऐकत होती आणि हातातल्या बाहीचे टाके उसवत होती. बाहीत चूक काहीच नव्हती.

“म्हणजे तू थुंकतोस,” ती म्हणाली.

“हो.”

“तू थुंकायचास आणि मी खायचं.”

“ताई, नोकरी गेली असती.”

“गेली असती,” तिने मान डोलावली. “मग पडदे शिवले असते. पूर्वी काय केलं होतं?” आणखी एक टाका उसवून म्हणाली, “फोनवर रोज विचारायचास, पाव खात नाहीस ना. रोज. मला वाटायचं, किती काळजी करतो.”

त्याच दुपारी तिला हॉस्पिटलात नेलं. दोन दिवसांनी उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढलं. तिसऱ्याचं नंतर बघू म्हणाले.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. या वेळी न बसता बोललो. “साहेब, मी वर्षभर गिळत नाहीये. कपात थुंकतो. पाकिटावरचं खोटं आहे. मला काढून टाका आणि फोटोही काढून टाका.”

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, समजूतदारपणे हसले, तेच जास्त लागलं.

“काका, ते माहीत आहे आम्हाला.”

“काय माहीत आहे?”

“कप. चहाच्या कपाचं एवढं वजन असतं होय? कचरा उचलणाऱ्या बाईंनी तुमच्या यंदाच्या तपासणीच्या आठवड्यातच सांगितलं होतं. तुमच्या खात्याचे साहेब काढणारच होते तुम्हाला, तेवढ्यात हे रिपोर्ट आले. मग म्हटलं, राहू द्या.”

“मग मला ‘गिळता ना’ का विचारलंत?”

“तुम्ही ‘गिळतो’ म्हणावं म्हणून. रेकॉर्डला लागतं.” ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आता काढायचं म्हणाल तर काढता येत नाही. तुम्ही पाकिटावर आहात. बाहेर बोलायचं तर बोला, अडवत नाही. सही तुमची, रिपोर्ट तुमचा, गुण तुमचे. लोक विचारतील, काका, मग तेव्हा खोटं बोललात की आता?”

ज्या नोकरीसाठी मी तोंड मिटून बसलो, ती मला वाटत होतं त्याहून कितीतरी पक्की होती. डोक्यावर लोंबणारी तलवार म्हणून मी वर्षभर जिच्याकडे पाहत होतो, ती साहेबांनी केव्हाच म्यानात घालून ठेवली होती. मला फक्त कुणी कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं त्याच बिस्किटाचं नवं उत्पादन तपासायला आलं. मी कप नेला नाही. तिन्ही घास गिळले, वीस मोजले, ‘मागे राहणारी चव’मध्ये एक लिहिला आणि खाली चार ओळींत कारण लिहिलं, रक्तातल्या आकड्यांसकट. सगळ्यात खालचं म्हणून ते कार्ड नियमाप्रमाणे वगळलं गेलं.

संध्याकाळी हॉस्पिटलात ताईकडे गेलो. खाटेच्या पायथ्याशी चादरीखाली एक पाय टोकदार दिसत होता आणि एक बोथट. माझ्याशी ती तीन दिवस बोलली नव्हती. पाणी दे, उशी वर कर, एवढंच, तेही भिंतीकडे बघून. मी भाजलेल्या बदामांचा डबा नेला होता. तो तिने उघडला नाही, पण उशाशी ठेवून घेतला.

एवढ्यात तिची शेजारीणबाई भेटायला आली. हसतमुख बाई, हातात पिशवी. “कसं वाटतंय आता? बाई गं, काय हे होऊन बसलं! मला तर कळेचना, डायबेटिसच्या माणसाला न्यायचं तरी काय. फळं नकोत, केक नको. मग म्हटलं, अगं, हे आहे की!” आणि तिने हिरवं पाकीट खाटेवर ठेवलं. मग माझ्याकडे नजर गेली. “अय्या, तुम्हीच ना हे? अगदी तसेच दिसता. दात जरा वेगळे.”

ताईने पाकीट उचललं. बराच वेळ त्यावरचं वाचत राहिली, जणू एखादं नवीन माप घ्यायचंय. मला वाटलं, आता ही बाईला सांगेल. तिने पाकीट फोडलं आणि माझ्यापुढे धरलं.

“घे.”

“ताई—”

“पाहुण्यांनी आणलंय. घे.”

मी एक घेतलं आणि चावलं. खोलीत वॉशबेसिन नव्हतं, कप नव्हता, आणि असता तरी ती बघत होती. मी गिळलं.

“एक,” ताई म्हणाली. “दोन. तीन.”

शेजारीणबाई गोंधळून हसली. तिला वाटलं, भावाबहिणीचा काही जुना खेळ असावा. ताई हळूहळू मोजत होती, लहानपणी मला आकडे शिकवताना मोजायची तसंच, एकेक सुटं करून. अठराव्याला माझ्या घशाशी ते आलं. तिने बघितलं, ते आलेलं. थांबली नाही. एकोणीस. वीस.

“हं,” ती म्हणाली. “आता किती देतोस?”

शेजारीणबाईला माझी दया आली असावी. ती वाकून पाकिटावरचं वाचत म्हणाली, “नऊ! अहो, इथे लिहिलंय की.”